कुणाचं रगात

चूक एका शब्दाची होती. ‘अळीचे’ हा तो शब्द, आणि तो मृणाली म्हात्रेने आपल्या पदरचा घातला होता.

मुद्दाम नाही. जेवण होऊन डोळ्यांवर झापड आलेली, कानाला हेडफोन, समोर स्क्रीनवर एक रिकामा चौकोन, आणि तो चौकोन भरल्याशिवाय पुढची नोंद उघडत नव्हती. तिने भरला. माणूस मारायला याहून जास्त मेहनत लागते अशी आपली उगाच समजूत असते.

फवारणीबंदीनंतरच्या दुसऱ्या हंगामातली ही गोष्ट. लहान पोरांच्या मूत्रपिंडांची दशा बघून शेवटी सरकारने कीटकनाशकांवर सरसकट बंदी घातली आणि त्याच दमात हुकूम काढला, की प्रत्येक इमारतीने आपल्या गच्चीवर आपली भाजी पिकवावी. हुकूम काढणाऱ्यांनी आयुष्यात एक कुंडी उचललेली नव्हती. पहिल्याच वर्षी माव्याने वाल खाल्ला, पांढऱ्या माशीने टोमॅटो खाल्ले, आणि लोक गच्चीवर उभे राहून एकमेकांच्या नावाने शंख करत बसले.

मग पुण्याच्या एका कंपनीने पारखी आणली.

पारखी म्हणजे कमरेएवढा एक खांब. त्याच्या डोक्यावर भिंगाचा डोळा, डोळ्याखाली उजेडाची सुई आणि पोटात वासाच्या कुप्या. बागेत किडा हलला की डोळा तो ओळखायचा. शत्रू असला तर खांबावरचा दिवा लाल व्हायचा आणि उजेडाची सुई त्याला जागच्या जागी जाळायची. मित्र असला तर दिवा हिरवा. शिवाय किडे एकमेकांना ज्या वासाने बोलावतात तो वास पारखी कुपीतून सोडायची, म्हणजे त्या मित्राचं सगळं गणगोत बागेत मुक्कामाला यायचं. माणूस समोर आला की सुई आपोआप बंद. कंपनीने ते जाहिरातीत दहा वेळा सांगितलं होतं.

यंत्र हुशार होतं यात वाद नाही. ढालकिडा मावा खातो हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण ढालकिड्याचं पिल्लू ढालकिड्यासारखं दिसत नाही. ते काळपट, खवल्याखवल्यांचं, बारक्या सुसरीसारखं असतं आणि आईबापापेक्षा जास्त मावा खातं. माणसं त्यालाच आधी चिरडतात आणि वर झाड वाचवल्याचा आनंद करतात. पारखी असं करत नसे. ती नुसता चेहरा बघत नसे, कोण कुणाला खातो हे बघत असे. तिचा नियमच होता: मित्र ज्याला खातो तो शत्रू. या एका नियमावर तिने शास्त्रज्ञांना माहीत नसलेली एक कीड स्वतःहून शोधून काढली होती, आणि त्याचा केवढा सोहळा झाला होता.

पण हजारो किड्यांपैकी कोण काय खातो हे यंत्राला आधी कुणीतरी सांगायला हवं. म्हणून बागेतली माणसं खांबाशी बोलायची. किड्याचा फोटो आणि माणसाचा आवाज कंपनीकडे जायचा. आवाजाची ओळख पटू नये म्हणून तो आधी सपाट केला जायचा. बाई, बाप्या, म्हातारा, सगळे एकाच नळीतून बोलल्यासारखे ऐकू यायचे. आगरी, कोळी, मालवणी बोलणाऱ्यांचं म्हणणं शुद्ध मराठीत आणून चौकोनांत बसवायचं काम मृणालीचं. उरणच्या बाजूला, खाडीकाठी, बंदरासाठी उठवलेल्या गावाला जी इमारत बदल्यात मिळाली, तिच्या सर्वांत वरच्या मजल्यावर बसून ती हे काम करायची. घरात आई गुणाबाय आणि भाऊ धीरज. वर गच्ची.

त्या दुपारी आलेला आवाज म्हणाला, “यो किरा रगात पितंय.”

फोटोत वरून घेतलेला एक तपकिरी किडा होता. खजुराच्या बीएवढा, पुढे निमुळतं डोकं, पोटाच्या कडेला नारिंगी पट्टे. पहिला चौकोन: काय करतो? तिने लिहिलं, ‘रक्त शोषतो’. दुसरा चौकोन: कुणाचे? आवाजात ते नव्हतं. आपल्याकडे बोलताना कोण तेवढं सांगतं? ज्याला चावला त्याला ठाऊक असतं कुणाचं. समोरच्याला सुजलेला हात दिसत असतो. पारखीच्या डोळ्याला किडा दिसला, हात दिसला नाही. सकाळपासून मृणालीने जे किडे ऐकले ते सगळे अळ्यांचं रक्त पिणारे होते, नावाचे ढेकूण पण कामाचे वाघ. तिने लिहिलं, ‘अळीचे’.

नोंद हिरवी झाली. तिने पुढची उघडली.

अशा किड्यांच्या दोन घराण्यांत फरक सोंडेचा असतो. अळी फोडून खाणाऱ्याची सोंड जाड आणि बाकदार. झोपलेल्या प्राण्याचं रक्त पिणाऱ्याची बारीक आणि सरळ, इंजेक्शनच्या सुईसारखी. सोंड असते पोटाखाली दुमडलेली. वरून घेतलेल्या फोटोत ती दिसत नाही. जहाजांतल्या उंदरांबरोबर हा किडा जगभरच्या बंदरांत उतरलेला. उंदराच्या बिळाशेजारी बिऱ्हाड थाटतो आणि उंदीर नसला तर माणूस चालवून घेतो. गच्चीवरच्या मातीच्या वाफ्यांखाली उंदीर होतेच. आता पारखी वास सोडून पाहुण्यांना बोलावू लागली.

धीरज हा त्या इमारतीचा मित्ररक्षक होता. म्हणजे बागेच्या समितीचा मुख्य, दंडाला हिरवी पट्टी बांधून फिरणारा. हसू नका. बापाची खारजमीन गेली तेव्हापासून हा माणूस नुसता कट्ट्यावर बसून होता. बंदराच्या फाटकावर त्याला शिपायानेही कधी आत घेतलं नाही. बागेने त्याला पहिल्यांदा कुणीतरी केलं होतं. पहाटे उठून तो वांग्यांना पाणी घालायचा, संध्याकाळी घराघरांत भाजी वाटायचा, आणि म्हाताऱ्या बायका त्याला “धीरजशेठ” म्हणून चिडवायच्या तेव्हा त्याचे कान लाल व्हायचे.

रोज संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर पारखीचा प्रश्न यायचा. आज अमुक किडा मित्र ठरला, बरोबर की चूक? लोक बघायचेसुद्धा नाहीत. दिवा हिरवा म्हणजे मित्र, दाबा ‘बरोबर’. दाबणाऱ्या घराला भाजी आधी मिळायची. असे हजारो ‘बरोबर’ जमा झाले की यंत्राची खात्री आणखी पक्की, आणि खात्री पक्की झाली की दिवा आणखी हिरवा. एकमेकांच्या पाठी खाजवाव्यात तसं यंत्र आणि माणसं चाललेली.

गुणाबाय मात्र चपलेने मारायची.

पावसाळा सरता सरता तिच्या हातापायांवर रोजच गांधी उठायला लागल्या. दुपारी ती गॅलरीत चटईवर लवंडायची आणि उठायची ती खाजवतच. तपकिरी किडा दिसला की चप्पल. गॅलरीतही एक छोटी पारखी होती. तिने ते टिपलं. मित्रहत्या. इमारतीच्या फलकावर म्हात्र्यांचं नाव लाल अक्षरांत लागलं, आणि ते नाव मित्ररक्षकाच्याच घराचं. चौथ्या मजल्यावरचे नाखवा काका जिन्यात म्हणाले, घरात शिकवण देता येत नाही आणि निघाले बागा सांभाळायला. धीरज जेवला नाही. त्याने आईची चप्पल कपाटात टाकून कुलूप लावलं आणि मृणालीला म्हणाला, तू त्या कंपनीची, तूच सांग हिला.

मृणालीने फोनवर किडा उघडला. मित्र. अळीचे रक्त शोषतो. चोवीस हजारांवर लोकांनी बरोबर म्हटलेलं. दिवसभरात शेकडो वाक्यं तिच्या हातांखालून जात. हे आपलंच वाक्य आहे हे तिला मुळीच आठवलं नाही. आईच्या शेजारी बसून, लहान मुलाला सांगावं तसं तिने सांगितलं, “आये, तो मित्र आहे. तो आपल्या झाडांवरच्या अळ्या खातो.”

गुणाबायने बाही वर केली. दंडावर बशीएवढी सूज होती. “माजा मैतर नाय तो,” ती म्हणाली. “तुमचा असंल तर तुमी झोपा त्याच्यासंगं.”

धीरज हसला. मृणालीही हसली. मग गुणाबाय भिंतीकडे तोंड करून पुटपुटली, “मी त्या खांब्यालाबी सांगितला. रगात पितंय बोलली. तो खांबा तरी ऐकंल वाटला.”

मृणालीचं हसू जागच्या जागी गोठलं.

तिने आत जाऊन दार लावलं, जुनी नोंद शोधली आणि तो सपाट केलेला आवाज पुन्हा ऐकला. आता ती आई होती. जन्मभर ज्या तोंडाने तिला हाक मारली ते तोंड कंपनीने धुऊन, इस्त्री करून तिच्या कानात सोडलं होतं आणि तिला ते ओळखू आलं नव्हतं. खाली तिच्याच हातचा शब्द होता.  आपण आगरीतून शुद्ध करतो म्हणजे काय करतो, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तिने पुण्याला कंपनीतल्या आपल्या वरिष्ठांना, केदार सरांना फोन लावला. केदार सर भला माणूस. आवाज कधी चढवत नसे, आणि अशा माणसांचं मला नेहमी भय वाटतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. शब्द बदलता येईल, पण निकाल बदलणार नाही, असं तो म्हणाला. कारण निकाल आता शब्दावर उभा नव्हता, चोवीस हजार लोकांच्या पुष्टीवर उभा होता.

“ते लोक दिवा बघून दाबतात, सर. आणि दिवा माझ्या शब्दावर लागलाय.”

“असेलही,” केदार सर म्हणाला. “पण एकट्या माणसाचा आवाज म्हणजे यंत्राच्या दृष्टीने गोंगाट असतो, मृणाली. पुरावा आण. किडा माणसाचं रक्त पिताना दिसला पाहिजे, तेही पारखीच्याच डोळ्याला. बाहेरचा फोटो ती घेत नाही.” मग त्याने विचारलं, की पदरचा शब्द घातल्याचं ती लेखी देणार आहे का, म्हणजे त्याला तिच्या जागी दुसरं कुणी बघायला लागेल.

इथे मृणालीने लेखी द्यायला हवं होतं. तिने दिलं नाही. विचार करून सांगते, म्हणाली. तिच्या पगारावर घर चालत होतं हे खरं. पण खरं कारण पगार नव्हता. धीरजला सांगायचं कसं, हे कारण होतं. तुझी बाग, तुझी पट्टी, तुझी इज्जत, सगळं माझ्या एका शब्दाने किडलंय हे त्या माणसाच्या तोंडावर बोलायची तिची छाती झाली नाही. तिने आईला मच्छरदाणी आणून दिली. गॅलरीत झोपू नको म्हणाली. डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरने विचारलं, काय चावलं? मृणाली तोंड उघडणार एवढ्यात धीरजने फोनवर किडा दाखवला. डॉक्टरने हिरवी खूण बघितली आणि म्हणाला, हा नसणार, हा मित्र आहे. अंगावर पित्त उठलंय. गोळ्या दिल्या. मृणालीने उघडलेलं तोंड मिटलं.

पित्त नव्हतं ते. या किड्याचा दंश दुखत नाही, म्हणून माणूस झोपेतून उठत नाही. त्याची लाळ रक्तात उतरते आणि अंग तिला ओळखून ठेवतं. दर खेपेला अंगाचा राग वाढतो. आधी गांधी, मग सूज, आणि एका खेपेला अंग एवढं चवताळतं की स्वतःचाच घसा आवळतं. वेळेवर एक इंजेक्शन मिळालं तर माणूस वाचतो. पण त्यासाठी काय चावलं ते कुणाला तरी मान्य असावं लागतं.

गुणाबायचा घसा भरदुपारी आवळला. मच्छरदाणीत गुदमरायला होतं म्हणून ती पुन्हा गॅलरीत जाऊन लवंडली होती. मृणाली आत हेडफोन लावून कुठल्या तरी गावच्या बाईचं बोलणं शुद्ध करत होती. धीरज वर पाणी घालत होता. पाणी प्यायला उठलेली मृणाली गॅलरीत डोकावली तेव्हा आईचे ओठ सुजून निळे पडले होते आणि एक हात कपाटाच्या दिशेने लांब झालेला होता, ज्या कपाटात चप्पल होती. मानेवर तो तपकिरी किडा बसलेला, पोट टम्म फुगलेलं. आणि वरून नुसता किडा बघणाऱ्या शेजारच्या छोट्या खांबावर दिवा हिरवागार.

दहाव्यापर्यंत घरात माणसं येत राहिली. वय झालं होतं, म्हणाली. पित्ताचा झटका, म्हणाली. नाखवा काकांनी फलकावरचं लाल नाव पुसायला लावलं आणि त्याबद्दल त्यांचे सगळ्यांनी आभार मानले. फोनवर संध्याकाळचा प्रश्न येत राहिला आणि सुतकातली माणसंही, गप्पा मारता मारता, अंगठ्याने ‘बरोबर’ दाबत राहिली.

पाहुणे गेल्यावर मृणालीने धीरजला सांगितलं. सगळं सांगितलं, चौकोन, शब्द, केदार सर, डॉक्टरसमोर मिटलेलं तोंड.  शेवटी त्याने एकच विचारलं.

“ती मना दाखवत होती ना? हात?”

“दोघांना.”

त्याने उठून कपाटाचं कुलूप काढलं, चप्पल हातात घेतली. मग चप्पल ठेवली आणि दाराआडची पहार उचलली. मृणाली त्याच्यामागे गच्चीवर धावली. ऊन उतरत होतं, भेंडीला फुलं आली होती. खांब फोडून उपयोग नाही, ती म्हणाली. आपला एक फोडशील, सगळ्या खाडीकाठच्या गच्च्यांवर तेच हिरवे दिवे आहेत, तिथेही कुणाच्या तरी आया दुपारच्या झोपतात. यंत्राला कळायला हवं, आणि त्याला त्याच्याच डोळ्याने बघितल्याशिवाय कळत नाही.

“मग दाखव,” धीरज म्हणाला. पहार त्याने खाली टाकली नाही.

वाफ्याच्या फळीखाली ते दाटीने बसले होते, एकाला एक चिकटून, बोलावल्यासारखे. बोलावलेलेच होते. मृणालीने एक काचेच्या पेल्याखाली धरला आणि पेला आपल्या दंडावर उपडा केला. तिच्याही अंगावर महिनाभर गांधी उठत होत्या; पुढची खेप कसली असेल हे तिला ठाऊक नव्हतं. धीरज नको म्हणाला. तिने हात पारखीच्या डोळ्याखाली इतका जवळ नेला की भिंगात दुसरं काही मावू नये. पेला काढला. किड्याने सोंड उलगडली, सरळ, बारीक, आणि अलगद आत घातली. काहीच दुखलं नाही.

खांबाने नेहमीच्या गोड आवाजात विचारलं, हा कीटक काय करतो?

“यो किरा मानसाचं रगात पितंय,” मृणाली म्हणाली. शुद्ध मराठी तिच्या तोंडातून आलीच नाही. “माजं. माज्या आयचंबी पिला.”

किड्याचं पोट हळूहळू फुगत गेलं. डोळा बघत होता. हिरवा दिवा एकदा विझला. यंत्र हिशेब करत होतं. मित्र खात होता, याबद्दल त्याला शंका नव्हती. चोवीस हजार माणसांची साक्ष होती. प्रश्न एवढाच उरला होता, की मित्राच्या तोंडाखालचं हे मऊ, फिकट, बारीक लव असलेलं, गरम रक्ताचं जे काही आहे, ते काय? एवढ्या जवळून त्याला माणूस दिसत नव्हता. मित्र ज्याला खातो, तो कोण, हे मात्र त्याला पाठ होतं.

दिवा लाल झाला. किड्यावर नाही. लाल ठिपका किड्याला वळसा घालून तिच्या कातडीवर स्थिर झाला आणि सुई चालली. चुर्र आवाज झाला, भाजल्याचा वास आला. मृणाली किंचाळली आणि हात ओढून घेतला. किडा शांतपणे उतरून फळीखाली गेला. त्याच्यासाठी खांबावरचा दिवा पुन्हा हिरवा झाला.

धीरजच्या खिशातला फोन वाजला. मग मृणालीचा. मग खालच्या मजल्यांवर, शेजारच्या इमारतीत, खाडीच्या कडेने सगळीकडे, संध्याकाळच्या प्रश्नाची ती ओळखीची टिंग. स्क्रीनवर कातडीचा एक तुकडा होता, गांधी उठलेला, कडेला तीळ. खाली लिहिलं होतं, नवीन शत्रू सापडला. बरोबर की चूक?

मृणालीने ‘चूक’ दाबलं. धीरजने दाबलं. दोन चुका.

चौथ्या मजल्यावर नाखवा काका खिडकीत उभे राहून कुणाशी तरी भाजीच्या वाटपाबद्दल बोलत होते, फोनकडे न बघता त्यांचा अंगठा हलला, आणि पहिलं ‘बरोबर’ आलं.